डाळिंबाचा उपाय

लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही, तेव्हा तपासणी कोणाची करायची हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडलाच नाही. माझी करायची. आमचं घर बॅटरीवाल्यांचं. बॅटरी बसली की आमच्या दुकानात आधी गिऱ्हाइकालाच दरडावतात, "दिवे चालू ठेवून गेला होता ना?" बॅटरी आम्ही विकलेली असते, पण चूक त्याची. सुनेच्या बाबतीतही हाच कायदा लागू होता.

त्यामुळे रक्त माझं काढलं, फोटो माझ्या पोटाचे निघाले, गोळ्या मी गिळल्या. नवरा म्हणजे आमचे हे, ते दवाखान्याच्या दारापर्यंत स्कूटरवर सोडायचे आणि "झालं की फोन कर" म्हणून निघून जायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दर महिन्याला रांगेत बसून घेत होते.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष नाही. नवऱ्याला आणा."

"ते यायचे नाहीत."

"मग तुम्हीही येऊ नका. माझा आणि तुमचा दोघींचा वेळ वाचेल."

बाई तोंडाने फटकळ होत्या, पण मला त्या दिवशी त्यांना मिठी मारावीशी वाटली. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की माझ्यात दोष नाही. रिक्षात मी एकटीच हसत होते आणि रिक्षावाला आरशातून पाहत होता.

आमचे हे म्हणजे सज्जन माणूस. कोणी काही बोललं की मान हलवतात, दुसऱ्याने नेमकं त्याच्या उलट सांगितलं तरी मान हलवतात. दवाखान्याचं नाव काढल्यावर मात्र ती मान ताठ झाली. मग मी शांतपणे म्हटलं, "ठीक आहे. मी उद्या दुकानात येते आणि गिऱ्हाइकांसमोर बाबांना सांगते की डॉक्टरांनी तुम्हाला कशासाठी बोलावलंय." दुसऱ्या दिवशी हे माझ्याआधी दवाखान्यात हजर.

अहवाल आला. बीजांची संख्या कमी, होती ती सुस्त, आणि त्यातली बरीचशी वेडीवाकडी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?"

"बॅटरीचं दुकान आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो, पुन्हा वापरतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुन्हा एकदा रक्त काढलं, या वेळी शिशासाठी. आणि ते इतकं निघालं की बाईंनी कागद दोनदा वाचला.

मग त्यांनी नीट समजावलं. शिसं धुरातून, धुळीतून, हाताला लागून पोटात जातं, तिथून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे. पुरुषाचं बीज तयार होतं तिथेही ते पोचतं आणि गंज चढावा तसं आतल्या आत ते खराब करतं. फळांत, भाज्यांत काही घटक असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ते हा गंज थोडा आवरतात. डाळिंब, लिंबू, संत्रं, अक्रोड, हिरव्या भाज्या. "उंदरांवर बरा परिणाम दिसलाय," बाई म्हणाल्या. "माणसांत किती दिसेल ते मी छातीठोक सांगणार नाही. खा, तोटा नाही. पण आधी शिसं बंद करा. भट्टीपासून लांब राहा. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसू नका."

बाईंचं सगळं बोलणं मी ऐकलं. ह्यांनी फक्त डाळिंब ऐकलं.

आमचं घर आणि दुकान यांच्यामध्ये एकच दार, आणि तेही कधी लागत नाही. पुढे रस्त्याकडे दुकान, मध्ये आम्ही राहतो, मागे पत्र्याच्या छपराखाली भट्टी. भट्टीवर लोखंडी कढई. जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या तिच्यात पडल्या की करड्या रंगाचा धूर निघतो आणि सगळ्या घरभर फिरून पुढच्या दाराने बाहेर जातो, पाहुण्यासारखा. वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, चहाच्या कपांच्या कडांवर बारीक राखाडी भुकटी बसते. सासूबाई दिवसातून कितीदा तरी पुसतात. त्यांच्या लग्नापासून त्या पुसतच आहेत.

मामंजींना बाजारात सगळे वस्ताद म्हणतात. शिशाची कांडी हातात आली की ते ती दातांखाली धरतात. शुद्ध शिसं मऊ, त्यावर दाताची खूण उमटते. भेसळ असेल तर दात घसरतो. ही त्यांची परीक्षा अख्ख्या बाजारात प्रसिद्ध आहे आणि त्यांनी ती मुलालाही शिकवली आहे.

ह्यांनी मान खाली घालून घरात अहवाल सांगितला. मामंजी कांडी चावतच ऐकत होते.

"शिशाने काही होत नाही," ते म्हणाले. "आपण काय शिसं खातो का?" आणि तोंडातली कांडी काढून त्यांनी उजेडात धरली. "ही चांगली आहे."

मी पदर तोंडाला लावून आत गेले. हसू आवरेना.

पण घरात जो विचार झाला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. विचार करायला आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. राहतात चार गल्ल्या पलीकडे, पण आमच्या घराण्याच्या अब्रूची राखण त्यांच्याकडे आहे; पगार नाही, तरी कधी रजा घेत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून निकाल दिला. धंदा सोडायचा प्रश्नच नाही, तीन पिढ्यांचा आहे. भट्टीही हलवायची नाही, हलवायची तर कुठे? डॉक्टरांनी उपाय सांगितलाय ना, डाळिंब? मग डाळिंब द्या. तेही साधंसुधं नाही, आंबट डाळिंबांचा चांगला दाट रस, त्यात लिंबू पिळलेलं. आणि तो काचेत, प्लास्टिकमध्ये ठेवायचा नाही. कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवायचा, म्हणजे त्याचा गुण उतरतो.

"आणि बाहेर काय सांगायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"सुनेला अशक्तपणा आहे म्हणायचं. तिच्यासाठी रस काढतो म्हणायचं." आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तुला काय फरक पडतो? तुझं नाव आधीच झालंय."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ ह्यांची, झाकण माझं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आत्याबाई जाताना दारात थांबल्या. "हे बघ," त्या सासूबाईंना म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात, "रसाने पोरगा ठणठणीत होईल. तो झाला आणि तरी काही झालं नाही, तर मग दोष कोणाचा ते उघडच आहे. मग सोडचिठ्ठीचं बोलावं लागेल. माझ्या नणंदेच्या दिराची मुलगी आहे, चांगली धडधाकट."

सासूबाई "बघू" म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत. मला तो शब्द अजून आठवतो आणि अजून लागतो. माझ्या मनात या घराविषयी, या माणसाविषयी काही उरलं नसतं तर मी स्वतःच बॅग भरली असती. पण हे रात्री माझे पाय चेपायचे, दार लावून, कोणाला कळू नये म्हणून. तेवढ्यासाठी मी थांबले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तांब्याचं भांडं माळ्यावरून निघालं. मामंजींच्या आईचं, गोल पोटाचं, पण आतली कल्हई उडून गेलेली. कल्हईवाला आमच्या भागात येईनासा झालाय. मामंजी म्हणाले, "मी करतो." त्या दिवशी त्यांनी दुकान दुपारीच बंद केलं. भांडं वाळूने घासलं, पुन्हा घासलं, भट्टीवर तापवलं, आणि कापसाच्या बोळ्याने आतून असं काही चकचकीत केलं की सासूबाई म्हणाल्या, "यात तोंड दिसतंय." मामंजी संध्याकाळभर भांडं उचलून बघत होते. मुलासाठी त्यांनी हाताने काही केलंय असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग रसाचं पर्व सुरू झालं. दाणे मी सोलायचे, रस मी काढायचा, लिंबू मी पिळायचं. भांड्यात ओतून वर फडकं बांधायचं. सकाळी हे उपाशीपोटी मोठा पेला पिणार, दुपारी दुसरा. माझ्या वाट्याला एक थेंबही नाही. एकदा पेल्याच्या तळाला राहिलेला घोट मी तोंडाला लावला तर सासूबाईंनी हातातून काढून घेतला. "पुरुषाचं औषध आहे ते. बाईने प्यायचं नाही." शेजारणी मात्र भेटल्या की मला विचारायच्या, "काय, रस लागू पडतोय का?" मी म्हणायचे, "हो, तोंडाला चव आली."

डॉक्टरीणबाईंचं पहिलं सांगणं मी विसरले नव्हते. माझे वडील गाडीच्या सीटची कव्हरं शिवतात आणि ते काम मलाही येतं. उरलेल्या रेक्झिनचा मी ह्यांना एप्रन शिवून दिला. हातमोजे आणले. मागे लागून त्यांना भट्टीवरून उठवलं आणि पुढे काउंटरवर बसवलं. मामंजी कुरकुरले, पण गिऱ्हाइकांशी गोड बोलणारं कोणी पुढे हवंच होतं. कामाचे कपडे वेगळे, जेवायच्या आधी आंघोळ, आणि कांडी चावायची नाही. ह्यांनी सगळं ऐकलं. म्हणजे शिसं बंद आणि रस चालू, दोन्ही बाजूंनी रोग कमी व्हायला हवा होता.

पण ह्यांचं पोट दुखायला लागलं. डोकं जड व्हायचं. भूक मेली, आणि कधी नव्हे ते हे माझ्यावर खेकसले. मी घाबरले. आत्याबाई खूष झाल्या. "विष बाहेर पडतंय," त्या म्हणाल्या. "रस वाढवा." रस वाढवला.

दुसऱ्या तपासणीला मी मोठ्या आशेने गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"तुम्ही मला फसवताय. रक्तातलं शिसं वाढलंय. बीजाची अवस्था आधीपेक्षा वाईट."

"भट्टीला हात लावलेला नाही," हे म्हणाले. "खरंच."

"कागद खोटं बोलत नाही."

"मीसुद्धा नाही," हे म्हणाले. चार वर्षांत ह्यांनी कोणाला दिलेलं पहिलं उलट उत्तर ते. मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं वाईटही, कारण बाईंचा विश्वास बसला नव्हता.

घरी आत्याबाई वाटच पाहत होत्या. अहवाल ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. त्यांचं उत्तर तयार होतं. "रसात दोष नाही. काढणारीच्या हाताला गुण नाही." आजार म्हशीला आणि औषध पखालीला ऐकलं होतं, इथे औषध बाधलं म्हणून पखालीलाच घराबाहेर काढायचं ठरत होतं. रविवारी माझ्या वडिलांना बोलवायचं, समोरासमोर बोलायचं, आणि गोडीगुलाबीने मोकळं व्हायचं. मामंजी म्हणाले, "बघा बाबा, मला यातलं कळत नाही." ह्यांनी मान हलवली नाही. ते उठून मागे भट्टीपाशी जाऊन उभे राहिले, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की तिथे उभे राहू नका.

शुक्रवारी मी न विचारता दवाखान्यात गेले आणि सगळे पेशंट जाईपर्यंत बसून राहिले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आता काय?"

"ह्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं नाही," मी म्हटलं. "मी स्वतः बघते. रविवारी मला घराबाहेर काढणार आहेत. त्याआधी मला कळलं पाहिजे की शिसं येतंय कुठून."

बाईंनी खुर्ची ओढली. "सकाळी उठल्यापासून सांगा. काय खातात, काय पितात, कुठे बसतात. काही गाळू नका."

मी सांगत गेले. चहा, पोळी, काउंटर, हातमोजे. रसाचं आलं तसं त्यांनी विचारलं, "कसा रस?"

"डाळिंबाचा. आंबट. लिंबू घालून. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवतो."

"आतून कल्हई आहे?"

"आहे. नवीन केली."

"कोणी?"

"मामंजींनी."

"ते कल्हईवाले आहेत का?"

"नाही, ते बॅटरी..." इथे माझी जीभ अडकली. बाई उठल्या. त्यांनी कपाटातून दोन लहान बाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एकीत ताजा काढलेला रस, दुसरीत त्या भांड्यात रात्र काढलेला. "सकाळी आणून द्या," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेतल्या माणसाला मी सांगून ठेवते."

संध्याकाळी मामंजी दुकानात एकटे होते. मी चहा नेऊन दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, कल्हईला कथील कुठून आणलं होतं तुम्ही?"

मामंजींचा चेहरा उजळला. त्यांच्या कामाविषयी घरात कधी कोणी विचारत नाही. "नुसतं कथील पातळ बसतं गं. लगेच उडतं. मी निम्म्याहून जास्त आपलं शिसं घातलं. एक नंबरचं, दात लावून बघितलेलं. म्हणून तर इतकं चकाकतंय. कोणत्याही कल्हईवाल्याला जमायचं नाही."

"नाही जमायचं," मी म्हटलं. आणि कप न घेताच आत आले.

शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला. ताज्या रसात काही नव्हतं. भांड्यातल्या रसात इतकं शिसं होतं की प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारलं, हा रस आहे की बॅटरीतलं पाणी. आंबटाने कल्हईतलं शिसं रात्रभर ओढून घेतलं होतं. भट्टीवर बसून ह्यांच्या पोटात जेवढं गेलं नसतं तेवढं आम्ही पेल्यात घालून, उपाशीपोटी, प्रेमाने पाजत होतो. मी स्वतः पाजत होते. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले. आणि रडता रडता एक गोष्ट ध्यानात आली, तेव्हा मला भलत्या वेळी हसूही आलं. बाईने प्यायचं नाही म्हणून माझ्या वाट्याला थेंब आला नव्हता. या घराने मला ज्या एका गोष्टीपासून लांब ठेवलं, तिच्यामुळेच मी वाचले होते.

ह्यांना मी त्याच वेळी सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "बाबांना कसं सांगायचं? त्यांनी किती..."

"मी सांगते," मी म्हटलं. "तुम्ही फक्त मान हलवू नका."

रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही सगळे पुढे बसलो. घरात इतक्या खुर्च्या नाहीत. माझे वडील एका जुन्या गाडीच्या सीटवर बसले होते, बोटांनी शिवण चाचपत. सवय जात नाही. आत्याबाईंनी सुरुवात केली. मुलीत वाईट काही नाही, पण एकेकाचा हात असतो, एकेकाचं नशीब असतं, आमच्या पोराचं वय निघून चाललंय. वडिलांची मान खाली जात होती. मी उभी राहिले.

"रसात शिसं आहे," मी म्हटलं. "डाळिंबात नाही, भांड्यात आहे. कल्हईत अर्ध्याहून जास्त शिसं आहे आणि आंबट रस ते ओढून घेतो. प्रयोगशाळेत तपासून आणलंय. भट्टी सोडूनही ह्यांचं शिसं वाढलं ते त्याच्यामुळे."

माझ्या वडिलांनी मान वर केली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"काहीतरीच," मामंजी म्हणाले. "शिसं? माझी कल्हई?" ते उठून आत गेले आणि भांडंच घेऊन आले. कालचा रस अजून त्यात होता, मी ओतला नव्हता, पुरावा म्हणून ठेवला होता. "हा बघ, मी पितो. सगळ्यांसमोर पितो." त्यांनी भांडं उचललं. सासूबाईंनी हात पुढे करून भांड्याच्या तोंडावर पंजा ठेवला. याआधी चाळीस वर्षांत नवऱ्याला अडवायची त्यांची हिंमत झाली असेल असं वाटत नाही.

"सोड," मामंजी म्हणाले. "अगं, मी जन्मभर शिशात आहे. शिशाने आपल्याला खायला घातलं. मला काय झालं? मला मुलगा नाही झाला?"

"एक," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी थांबले.

"एक झाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्या अजून भांड्याकडेच बघत होत्या. "त्याच्या आधी तीन गेली. त्याच्यानंतर दोन. तुमचे शिशाचे कपडे मी हातांनी धुवायचे, पोटात पोर असताना. मागे तेव्हा छप्परही नव्हतं, भट्टी घरातच पेटायची, सगळा धूर आत." मग त्या आत्याबाईंकडे वळल्या. "तुम्ही तेव्हा मला काय म्हणायचा, आठवतं? फुटकं मडकं. माझ्याही वडिलांना असंच बोलावलं होतं. इथेच बसले होते ते."

आत्याबाईंनी नजर चुकवली. त्यांना आठवत होतं, हे दिसत होतं. ह्यांनी उठून मामंजींच्या हातातून भांडं घेतलं आणि बाहेर गटारापाशी जाऊन उपडं केलं. परत आले तेव्हा माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "बायको कुठे जाणार नाही. जायचं तर मी जाईन, या धंद्यातून." मान अजिबात हलली नाही.

मामंजी रिकाम्या हातांकडे बघत राहिले. "मी दोनदा घासलं होतं गं," ते मला म्हणाले. "कल्हई नीट बसावी म्हणून." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या घरात मुलाला विष आम्ही सगळ्यांनीच प्रेमाने पाजलं होतं. फक्त शिक्षा एकटीला द्यायचं ठरलं होतं.

आता हे माझ्या वडिलांकडे कव्हरं शिवतात. शिवण वाकडी येते, गिऱ्हाइकाला माझे वडील "नवीन फॅशन आहे" म्हणून सांगतात. रक्तातलं शिसं हळूहळू उतरतंय. डाळिंब हे अजून खातात, पण हाताने सोलून, दाणे तोंडात टाकून. मूल अजून नाही. शेजारणी विचारतात, तेव्हा मी खरं सांगते, आणि मग त्या दुसरंच काहीतरी विचारतात. मागची भट्टी बंद झालेली नाही. मामंजी आता शिसं चावत नाहीत, तेवढंच.

सासूबाईंनी दोन महिने तो विषय काढला नाही. मग एका सकाळी चांगलं लुगडं नेसून माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "मला तुझ्या डॉक्टरणीकडे ने."

"काय होतंय, आई?"

"काही नाही. एक विचारायचंय."

दवाखान्यात त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "माझी पाच गेली. तेव्हा मी शिशाचे कपडे धुवायचे. त्याच्यामुळे गेली का?"

डॉक्टरीणबाईंचा फटकळपणा त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. त्या हळू आवाजात म्हणाल्या की इतक्या वर्षांनी खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. शिशाने असं होतं, हे मात्र खरं. असेल. बहुतेक असेल.

बाहेर व्हरांड्यात, मी कितीतरी वर्षं एकटी बसायचे त्या बाकावर, सासूबाई बसल्या आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"असेल म्हणाली ना ती?"

"हो, आई."

"बहुतेक म्हणाली ना?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. "मी प्रत्येक वेळी ह्यांच्या पाया पडले गं," त्या म्हणाल्या. "तुमचं मूल मला सांभाळता आलं नाही, माफ करा, म्हणून. पाचही वेळा. आणि त्यांनी माफ केलं."